अमेरिकेच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, कृष्णवर्णीय मतदार रंग बघून मत देतात का? आणि उमेदवार त्यांच्यापर्यंत नेमके पोचतात कसे?

नाही, देत नाहीत. देत असते तर २०२० मध्ये साउथ कॅरोलायनाच्या डेमोक्रॅट प्रायमरीत त्यांनी कमला हॅरिस नाहीतर कोरी बुकर या कृष्णवर्णीय उमेदवारांना डोक्यावर घेतलं असतं. झालं काय? हॅरिस डिसेंबर २०१९ मध्ये आणि बुकर जानेवारीत, कुठेही एक मत पडायच्या आत, गाशा गुंडाळून मोकळे झाले. आणि २९ फेब्रुवारीला तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांपैकी साधारण साठ टक्के लोकांनी मत दिलं सत्त्याहत्तर वर्षांच्या गोऱ्या जो बायडेन यांना. आधी मतदान झालेल्या आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आलेले बायडेन. त्या एका शनिवारनं त्यांची बुडती नाव वर आली.

खरं तर उत्तर इथंच संपलं. पण हाच प्रश्न माझे धाकटे दीर मला २००७ पासून विचारतायत, तेही प्रश्न म्हणून नव्हे, टोमणा म्हणून. त्यामुळे तुम्हाला कंटाळा आला तर खुशाल खाली सरका, मी काही आता थांबत नाही.

आम्ही साउथ कॅरोलायनाच्या राजधानीत, कोलंबियाला राहतो. दीर न्यू जर्सीत, एडिसनला. जून २००७ मध्ये ते आमच्याकडे आले तेव्हा एक प्रकरण ताजं होतं. ओबामांच्या प्रचारयंत्रणेनं, २००८ च्या उमेदवारीसाठी पक्षातल्याच प्रतिस्पर्धी असलेल्या हिलरी क्लिंटनविरुद्ध एक टिपण पत्रकारांना वाटलं होतं आणि त्यात हिलरींच्या नावापुढे, जिथे सिनेटरचं राज्य लिहितात तिथे, 'पंजाब' लिहिलं होतं. म्हणजे बाई न्यूयॉर्कच्या नव्हेत, भारतीयांच्या पैशावर चालणाऱ्या. मूळ विनोद हिलरींचाच होता, पंजाबातून उभी राहिले तर आरामात निवडून येईन असा. पण वाटणाऱ्यांचा हेतू विनोदाचा नव्हता. भारतीय मंडळी भडकली आणि ती मूर्खपणाची चूक होती असं ओबामांना जाहीरपणे म्हणावं लागलं.

भाऊजी पुरणपोळी बाजूला सारून म्हणाले, "बघितलंत वहिनी, तुमचा ओबामा! आपण बाहेरचेच त्याच्या लेखी. आणि त्याला मतं कोणाची? त्या लोकांची. रंगाला रंग, दुसरं काय." 'त्या लोकांची' म्हणताना ते जो शब्द वापरतात तो मी इथे लिहीत नाही. आपल्या बऱ्याच दिवाणखान्यांत तो चालतो, तुम्हाला माहीत असेल.

गंमत म्हणजे त्या वर्षी वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. २००७ मध्ये देशभरातल्या चाचण्यांत कृष्णवर्णीय मतदारांत पुढे होत्या हिलरी. बिल क्लिंटन त्यांच्यात विलक्षण लोकप्रिय. आमच्या राज्यातले कितीतरी पाद्री आणि आमदार क्लिंटन घराण्याशी वीस-वीस वर्षांचे बांधलेले.

हे मी पेपरात वाचून सांगत नाही. माझं तेव्हा ग्रीन कार्ड होतं, मताचा अधिकार नव्हता, पण स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. ऑफिसातल्या मैत्रिणीनं ओढून नेलं. ओबामांच्या प्रचार कार्यालयात पहिल्याच दिवशी हातात मतदारांची यादी ठेवली. नाव, पत्ता, वय, आधी कुठल्या निवडणुकीत मत दिलं, आणि वंश. हो, वंश. आमच्या राज्यात मतदार नोंदणीच्या फॉर्मवरच तो रकाना आहे. त्यामुळे 'वंशावर आधारित प्रचार' म्हणून टीव्हीवर जे एवढं चघळतात ते इथे कागदावर आखूनच मिळतं, त्यात गुपित काही नाही.

मी घरोघर फिरायला लागले तेव्हा लोकांना वाटे मी काहीतरी विकायला आलेय. मग मला लावलं पार्लरांच्या कामाला. ओबामांच्या माणसांनी केशकर्तनालयं आणि ब्यूटी पार्लरं पद्धतशीर हेरली होती. शनिवारी कृष्णवर्णीय बायकांचं डोकं तिथे तीन-तीन तास अडकलेलं असतं, उठून जाता येत नाही, आणि बोलायला सगळ्या मोकळ्या.

माझ्या वाट्याला आलेलं एक पार्लर नॉर्थ मेन स्ट्रीटवर होतं. आत गेलं की गरम कंगव्याखाली भाजणाऱ्या केसांचा आणि तेलाचा वास. भिंतीला लागून ड्रायरच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या चार बाया, हातात अंत्यविधीवाल्यांच्या जाहिरातीचे पुठ्ठ्याचे पंखे. समोर मार्टिन लूथर किंग, जॉन केनेडी, चर्चचे पाद्री आणि हसरे बिल क्लिंटन, चौघे ओळीनं. मालकीणबाई साठीच्या आसपास. मी पोस्टर पुढे केलं तर म्हणाल्या, "त्या टेबलावर ठेव, पोरी. भिंतीवर नको."

मी विचारलं, का? हातातला कंगवा न थांबवता बाई म्हणाल्या, "मुलगा गुणाचा आहे. पण गोरे लोक त्याला मत द्यायचे नाहीत. आणि दिलंच, तर जिवंत ठेवायचे नाहीत. मी माझं मत कशाला फुकट घालवू?"

ड्रायरखालच्या एकीनं मान डोलावली. दुसरी म्हणाली, त्याला दोन लहान मुली आहेत.

नंतर कळलं की बाई फेब्रुवारी १९६८ मध्ये ऑरेंजबर्गच्या कॉलेजात शिकत होत्या. तिथल्या बोलिंगच्या गाळ्यात काळ्यांना प्रवेश नव्हता, त्यावरून विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली आणि पोलिसांनी कॉलेजच्या आवारात गोळ्या झाडल्या. तीन मुलं मेली, सत्तावीस-अठ्ठावीस जखमी झाली. हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी 'जिवंत ठेवायचे नाहीत' म्हणणं ही काही उगाच काढलेली शंका नव्हे. त्याच ऑरेंजबर्गला नोव्हेंबरात मिशेल ओबामा आल्या आणि त्यांनी या भीतीलाच हात घातला. तुमचं प्रेम कळतं, पण भीतीपोटी घरी बसू नका, असा रोख. मला विचाराल तर त्या वर्षातलं सगळ्यात उपयोगी भाषण ते. डिसेंबरात ऑप्रा विन्फ्री आल्या, विल्यम्स-ब्राइस स्टेडियमवर तीस हजारांच्या आसपास माणूस लोटला, गर्दीच्या हातात मतदारांचे नंबर देऊन तिथूनच फोन करायला लावले. प्रचार म्हणून अफलातून! पार्लरवाल्या बाईंनी मात्र एका वाक्यात निकाल लावला, "ऑप्राला बघायला जाईन गं. मत माझं आहे."

मग ३ जानेवारी २००८. आयोवात ओबामा जिंकले. आयोवाची नव्वद टक्क्यांहून जास्त वस्ती गोरी.

दोन दिवसांनी मी पार्लरात गेले तर पोस्टर भिंतीवर. बाईंनी मला उलटतपासणीसारखं विचारलं. गोऱ्यांनी दिलं? शेतकऱ्यांनीसुद्धा? टीव्हीवाले खरं सांगतायत ना? आणि मग, "आण ती कार्डं इकडे." नाव आणि फोन लिहून घ्यायची पाठिंब्याची कार्डं. गठ्ठाच ठेवून घेतला. पुढच्या शनिवारी भरलेली परत केली, काही कार्डांवर केस रंगवायच्या डायचे डाग. बिल क्लिंटन यांचा फोटो त्यांनी काढला नाही. त्यांनी प्रचारात ओबामांच्या इराक युद्धविरोधाच्या गोष्टीला परीकथा म्हटल्यावर बाईंनी त्या फोटोवर औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर लटकवलं.

२१ जानेवारीला, मार्टिन लूथर किंग यांच्या नावाच्या सुट्टीदिवशी, ओबामा, हिलरी आणि तिसरे उमेदवार जॉन एडवर्ड्स तिघेही स्टेट हाउससमोर, म्हणजे राज्याच्या विधान भवनासमोर, एकाच व्यासपीठावर आले. थंडीत आम्हीही उभ्या होतो. समोरच गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचा झेंडा फडकत होता. तो उतरायला २०१५ साल उजाडलं, तेही चार्ल्स्टनमधल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारली गेल्यावर.

२६ तारखेला ओबामांना पंचावन्न टक्के, हिलरींना सत्तावीसच्या आत. कृष्णवर्णीयांत ओबामांना अठ्ठ्याहत्तर. त्याच दिवशी बिल क्लिंटन म्हणाले की जेसी जॅक्सनही (तेही कृष्णवर्णीय उमेदवार) इथे ८४ आणि ८८ ला जिंकले होते. म्हणजे ओबामा जिंकले ते रंगावर, हे सुचवणं सगळ्यांना कळलं. आणि रात्री एडिसनहून फोन, "काय वहिनी? म्हटलं नव्हतं? रंगाला रंग!"

भाऊजी, आता लेखी सांगते. रंग जून २००७ मध्येही तोच होता. तेव्हा का नाही दिली मतं? मधल्या काळात बदलला तो हिशेब. या लोकांना शंभर वर्षं मत टाकू दिलं नाही, त्यामुळे मिळालेलं मत ते जपून वापरतात. जिंकू शकेल का, गोरा शेजारी त्याला मत देईल का, हे आधी बघतात. २०२० मध्ये याच हिशेबानं बायडेन निघाले. तेव्हा बाई सत्तरीपार गेल्या होत्या, दुकान भाचीकडे. हॅरिसबद्दल म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे. पण ट्रम्पला घालवायचंय, या खेपेला प्रयोग नको." आणि त्याच २००८ मध्ये आमच्या राज्यातल्या गोऱ्या डेमोक्रॅट मतदारांपैकी ओबामांना किती मिळाली? जेमतेम चोवीस टक्के. त्यांना कोणी विचारत नाही, तुम्ही रंग बघून देता का!

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, पोचतात कसे. बहुतेक पोचतच नाहीत. मतदानाच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये येऊन चुकीच्या तालावर टाळ्या वाजवतात. आपल्याकडे महापालिकेच्या तोंडावर उमेदवार अचानक हळदीकुंकू घालतो, तसलाच मामला. २०२० चे एक उमेदवार पीट बुटिजेज यांनी कृष्णवर्णीयांसाठी मोठी योजना काढली आणि तिच्या प्रचारात फोटो वापरला तो केनियातल्या बाईचा. दुसरे उमेदवार टॉम स्टायर यांनी आमच्या राज्यात पाण्यासारखा पैसा ओतला, शेवटच्या रात्री स्टेजवर नाचलेसुद्धा. तिसरे आले आणि त्याच रात्री घरी गेले. पूर्वी पाद्री आणि पुढाऱ्यांना सल्लागार म्हणून पैसे देऊन मतं 'आणवायची' रीत होती, तीही ओबामांच्या पोरांनी बरीचशी बाजूला ठेवली आणि त्याऐवजी वर्षभर वस्तीत तरुण कार्यकर्ते बसवले.

बायडेन यांचं वेगळं. चार्ल्स्टनच्या हत्याकांडानंतर ते तिथल्या चर्चमध्ये प्रार्थनेला येऊन बसले, तेव्हा स्वतःचा मुलगा जाऊन महिना झाला नव्हता आणि ते कुठल्या निवडणुकीत उभेही नव्हते. हे लोकांच्या लक्षात राहतं. जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी पाठिंबा देताना तेच सांगितलं, आम्ही जोला ओळखतो, पण महत्त्वाचं म्हणजे जो आम्हाला ओळखतो. क्लायबर्न हे आमच्या मतदारसंघाचे कृष्णवर्णीय खासदार, १९९२ पासून मासे तळून लोकांना खाऊ घालणारा माणूस. डेमोक्रॅट पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांना त्या माशांच्या रांगेत हजेरी लावावीच लागते.

आता आपल्याबद्दल. आपल्यापर्यंत पोचायला उमेदवाराला काय लागतं? दिवाळीला एक कुर्ता, समोसा खातानाचा एक फोटो. भाऊजींच्या बैठकीत असा एक फोटो सोनेरी चौकटीत आहे, धनादेश देऊन काढलेला. २०२४ च्या निवडणुकीत भारतीय वंशाच्या निकी हेली उभ्या राहिल्या तेव्हा एडिसनहून रोज फोन, "आपली मुलगी!" हेली यांचं गाव बामबर्ग, आमच्यापासून तासाभरावर. रिपब्लिकन पक्षाच्या, भाऊजींच्या कुठल्याच मताशी न जुळणाऱ्या, तरी 'आपली'. मग रंगाला रंग कोण करतंय? आणि दोन वेळा याच राज्यात गव्हर्नर म्हणून निवडून आलेल्या हेली स्वतःच्या घरी ट्रम्पकडून साठ-चाळीसनं हरल्या, तेव्हा 'गोऱ्यांनी रंग बघितला' असं भाऊजींच्या तोंडून निघालं नाही. (मी तरी ते म्हणत नाही. ट्रम्पनी त्या पक्षात भल्याभल्या गोऱ्यांनाही लोळवलंय.)

हे सगळं एका राज्याचं, आणि एका बाजूनं काम केलेल्या बाईचं सांगणं आहे, तेव्हा जरा पारखूनच घ्या. कृष्णवर्णीय मतदार म्हणजे एकच एक गठ्ठा नव्हे. २०२० मध्ये तरुण पोरं डाव्या विचारांचे उमेदवार बर्नी सँडर्स यांच्याकडे बरीच झुकली होती, बाईंची भाचीच त्यांतली, आणि त्यावरून त्या पार्लरात मावशी-भाचीचं कडाक्याचं वाजलं. डेट्रॉइट किंवा शिकागोचा हिशेब आणखी वेगळा असेल. आणि ओबामांच्या कातडीचा कोणालाच अभिमान नव्हता असंही मी म्हणत नाही, आयोवानंतर तो उतू चालला होता. पण तो आयोवानंतर.

तुम्ही इथे शिकायला किंवा नोकरीला आला असाल तर पुढच्या प्रायमरीत दोन शनिवार कुठल्याही उमेदवाराचं काम करून बघा. नागरिक नसलात तरी बिनपगारी काम चालतं. व्हिसावर असाल तर देणगी मात्र द्यायची नाही, ती फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना. भाऊजींनाही मी हे दर खेपेला सांगते. ते म्हणतात, वेळ नाही.