कॅप्सूल सुरू करण्याआधी

प्रिय मित्रा,

काल सरावाला तू तोंडाला रुमाल बांधून आलास. पाणीसुद्धा भिंतीकडे तोंड करून प्यायलास. ताशाच्या काड्या हातात आल्या की अख्ख्या पथकाकडे बघून हसणारा पोरगा तू, म्हणून राहवलं नाही.

आई सांगत होती, डॉक्टरांनी मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन लिहून दिलंय आणि मोबाईलवर काहीबाही वाचून तू धसका घेतलायस. औषधांच्या दुकानात माझी वीस वर्षं गेली, तर ऐक. अमेरिकेत हे औषध १९८२ साली मंजूर झालं. खड्डे पाडणाऱ्या मुरमांवर इतका गुण देणारं दुसरं औषध क्वचितच सापडेल. ओठ फुटतात, कातडी कोरडी पडते, रक्तातली चरबी आणि यकृत तपासावं लागतं. सुरुवातीला मुरूम वाढल्यासारखेही वाटतील. तेवढ्यावरून औषध सोडू नकोस.

नैराश्याचा इशारा माहितीपत्रकात छापलेला आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. मोठ्या अभ्यासांत हे औषध घेणाऱ्यांमध्ये नैराश्य एकंदरीत वाढलेलं दिसत नाही, पण तुझ्या बाबतीत काय होईल ते तुझ्याकडे बघूनच कळणार. शिवाय नुसते मुरूमही माणसाला किती खचवतात, ते तुला मी काय सांगू?

म्हणून डॉक्टरांसमोर बसलास की चेहऱ्याइतकंच मनाचंही सांग. झोप लागत नाही, कॉलेज बुडतंय, आधी कधी असं झालं होतं का, घरात कुणाला त्रास होता का, सगळं. सांगितलं म्हणून औषध नाकारतीलच असं नाही, पण लक्ष ठेवतील. आईलाही सांगून ठेव, मी गप्प गप्प राहायला लागलो तर विचार म्हणून. आणि जगणं नकोसं वाटलं तर पुढची कॅप्सूल घेऊ नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन कर. फुकट आहे, मराठीत बोलतात. मलाही उठव.

सतराव्या वर्षी मला एका दुकानदाराने बेटामेथासोन या स्टेरॉइड मलमाची ट्यूब दिली होती. आठ दिवसांत चेहरा लख्ख! लावणं थांबवलं आणि गाल भाजल्यासारखे लाल झाले. पुढची दोन वर्षं मी केस विंचरायलाही आरशासमोर उभा राहिलो नाही. आज काउंटरवर कुणी चिठ्ठीशिवाय ती ट्यूब मागितली की माझा हात कपाटाकडे जात नाही. तूही कुणाच्या सांगण्यावरून काही चोपडू नकोस.

शनिवारी सहाला सराव आहे. तुझ्या ताशाचं पान बदलून ठेवलंय. रुमाल बांधून आलास तरी चालेल.

तुझा,
दादा