पोर्ट नंतर मोज, आधी रांग बघ

अरे, नेटवर्कचा स्विच, म्हणजे एका तारेतून आलेली पॅकेट (डेटाचे तुकडे) हव्या त्या तारेत वळवणारं यंत्र, करायला घेतलास म्हणून सांगतो. पोर्ट (तार जोडायच्या जागा) किती हे नंतर ठरव, आधी मेमरीचा वेग बघ. १०० गिगाबिटच्या लाइनवर ६४ बाइटची पॅकेट सलग आली की दर ६.७२ नॅनोसेकंदाला एक दारात उभं. थांबलेल्या पॅकेटांची रांग आउटपुटला ठेवलीस, तर ३२ पोर्टांवरून एकदम एकाच आउटपुटला पॅकेट येऊ शकतात, म्हणून मेमरी ३२ पट वेगाने लिहायला हवी. कुठून आणणार?

म्हणून रांग इनपुटला. पण एकच नको. हातखंब्याच्या तिठ्यावर बघितलंयस ना, पुढचा ट्रक रत्नागिरीकडे वळायला अडलेला आणि गोव्याकडचा रस्ता मोकळा असूनही मागच्या गाड्या हॉर्न बडवत उभ्या. तसंच इथे. इनपुटला एकच रांग असेल तर, पोर्ट भरपूर आणि रहदारी समसमान असली तरी क्षमता ५८.६ टक्क्यांवर अडकते, हे १९८७ सालीच गणिताने दाखवलंय. तेव्हा प्रत्येक इनपुटवर प्रत्येक आउटपुटसाठी वेगळी रांग ठेव.

कुठल्या इनपुटने कधी कुठल्या आउटपुटला पाठवायचं हे ठरवणाऱ्या शेड्युलरला आयस्लिप ही पद्धत पुरे. त्यातली एक मेख मात्र लक्षात ठेव: आउटपुटने दिलेली परवानगी इनपुटने स्वीकारली, तरच आउटपुटचा पॉइंटर (पुढची पाळी कुणाची हे दाखवणारा) पुढे सरकवायचा. मी तो दरवेळी सरकवायचो. सगळे पॉइंटर आरतीच्या टाळ्यांसारखे एका तालात, आणि निम्मी आउटपुटं रिकामी! दोन रात्री गेल्या त्यात, चहा किती झाला विचारू नकोस.

क्रॉसबार, म्हणजे प्रत्येक इनपुटची तार प्रत्येक आउटपुटच्या तारेला छेदते ती जाळी, ६४ पोर्टांपर्यंत ठीक, ४०९६ छेद होतात. पोर्ट दुप्पट केले की छेद चौपट. त्यापुढे क्लॉस या संशोधकाची १९५३ची तीन टप्प्यांची रचना वाच, मग फोन कर.