८ तारांच्या बसवर डेटाची चूक पकडायला एक्स-ऑर चेकसम पुरतो का?

नाही पुरत.

तुम्ही विचारलंय की एका बोर्डवरून दुसऱ्या बोर्डला आठ तारांच्या बसने, म्हणजे एका वेळी आठ बिट नेणाऱ्या तारांच्या जुडग्याने, डेटा जातो, एफपीजीएत (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपमध्ये) जागा थोडीच उरली आहे, तर पॅरिटी (१ असलेले बिट सम की विषम ते सांगणारा जादा बिट), एक्स-ऑर (बाइटांच्या त्या त्या बिटांत १ विषम वेळा आला तर १, नाहीतर ०) आणि सीआरसी (डेटाला ठरावीक पॉलिनॉमियलने भागून उरलेली बाकी) यांतलं काय घ्यावं. आणि शेवटी लिहिलंय, "आमचे गाइड सर म्हणतात एक्स-ऑर भरपूर झाला." हे वाक्य मी माझ्या पहिल्या नोकरीत जसंच्या तसं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

२००५ चा मे महिना. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान युनिटमध्ये आम्ही भट्ट्यांसाठी तापमान नियंत्रक बनवायचो. सेन्सरचं कार्ड वेगळं, कंट्रोल आणि डिस्प्लेचं कार्ड वेगळं, मधे रिबन केबल. आठ बाइटांचं पॅकेट: पहिला बाइट ०२, मधे डेटा, शेवटी सगळ्यांचा एक्स-ऑर. मी सीआरसी टाकू या म्हटलं होतं. साहेब म्हणाले, ८९सी५१ या मायक्रोकंट्रोलरमध्ये जागाच ४ केबी, सीआरसीच्या तयार आकड्यांचं तुझं टेबल ५१२ बाइट खाणार, ही नवी फॅशन आपल्याला नको. टेबलाशिवाय, एकेक बिट सरकवत सीआरसी काढता येतो, हे मी सांगितलं. ऐकून घेतलं नाही. आणि नवी फॅशन म्हणाल तर पीटरसन आणि ब्राउन यांचा या विषयावरचा पेपर १९६१ चा आहे.

तर बुटीबोरीच्या एका पावडर कोटिंगवाल्याकडे आमचा पॅनेल लागला होता. भट्टी १८० अंशांवर ठेवायची. सकाळचा माल चांगला निघायचा, दुपारी दोननंतरचे पांढरे दरवाजे पिवळट पडायचे. पत्र्याचं शेड, बाहेर ४५-४६ अंश, भट्टीला लागून पॅनेल. मी गेलो तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, हे १५९ दाखवते, अन् मग एकदम १९२. मधातला आकडा येतच नाही." साहेबांनी फोनवरच निकाल दिला की सेन्सर खराब आहे. सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

त्या रात्री चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी आकडे बायनरीत मांडले. १५९ म्हणजे १००१११११. १९२ म्हणजे ११००००००. मधल्या १६० ते १९१ या सगळ्या आकड्यांत ३२ चा बिट, म्हणजे डी५ (आठ तारा डी० ते डी७), हा १ असतो. ती एक तार मेली की १८० चे १४८ होतात. कंट्रोलरला वाटतं भट्टी थंड आहे, तो हीटर चालूच ठेवतो. खरं तापमान १९२ झालं की त्या आकड्यात ३२ चा बिट नसतोच, त्यामुळे वाचन अचानक बरोबर येतं आणि हीटर बंद. जरा उतरून १९१ झालं की पुन्हा १५९. भट्टी दुपारभर १९२ वर भाजत होती आणि चेकसम जुळला की लागणारा "डेटा ओके"चा हिरवा दिवा एकदाही विझला नव्हता.

कनेक्टरच्या एका पिनचं सोल्डर कोरडं होतं. पॅनेल तापला की सुटायचं, रात्री थंड झाला की चिकटायचं. सोल्डर मीच केलं होतं.

आता दिवा का विझला नाही ते बघा. एक्स-ऑर चेकसम म्हणजे प्रत्येक तारेची उभी पॅरिटी. डी५ वरून येणारे आठही बिट शून्य झाले, त्यात चेकसमच्या बाइटातलाही डी५ आला. शून्यांचा एक्स-ऑर शून्य. हिशेब जुळला! शून्यावर अडकलेली तार एक्स-ऑरला कधीच दिसत नाही, पॅकेट कितीही लांब असो. तार १ वर अडकली आणि पॅकेटचे एकूण बाइट सम असले, तर तीही दिसत नाही. आमचे आठ होते. नशिबाने एखाद्या वेळी निसटलेली चूक वेगळी. ही चूक दर वेळी निसटणारच होती.

मी साहेबांसमोर टेबलावर दोन्ही कार्डं जोडली आणि डेटाच्या तारा एकेक करून काढल्या. सात तारांना दिवा हिरवाच. फक्त डी१ काढली तेव्हा लाल झाला, कारण पहिला बाइट ०२ आहे का हे रिसीव्हर बघायचा आणि त्यात १ असलेला बिट तेवढाच. साहेब म्हणाले, "सोल्डरिंग नीट कर, कोडला हात लावू नको." माझी चूक होती, मी तेव्हाही मान्य केली, आजही करतो. पण सोल्डर सुटणार, केबल उंदीर कुरतडणार, नागपूरचा मे दरवर्षी येणार. चूक तपासणारा कोड नेमका त्याच दिवसासाठी ठेवलेला असतो. कारागिराला बोल लावून चेकसम सुधारत नाही. मी पुढच्या वर्षी ती नोकरी सोडली.

तुमच्या कामाचं. १६ बिटांचा सीसीआयटीटी सीआरसी घ्या, पॉलिनॉमियल (म्हणजे भाजक) हेक्स १०२१. एकेक बिट आत घेतलात तर १६ फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट साठवणारे, मिळून रजिस्टर) आणि तीन एक्स-ऑर गेट लागतात. तुमची बस आठ बिटांची, म्हणून एका क्लॉकला पूर्ण बाइट घेणारं एक्स-ऑरचं जाळं बनवा; तेही काही डझन गेटांत बसतं. जागा नाही ही सबब इथे चालत नाही. रजिस्टर सुरुवातीला सगळं १ ने भरा. शून्याने भरलंत तर सगळ्या तारा शून्य झालेलं पॅकेटही बरोबर ठरतं. रिसीव्हरने सीआरसीचे दोन बाइटही, वरचा आधी, त्याच रजिस्टरमधून न्यावेत; शेवटी बाकी शून्य आली की पॅकेट ठीक, वेगळी तुलना नको. १२३४५६७८९ हे नऊ आस्की अंक दिल्यावर हेक्स २९बी१ आलं पाहिजे. नाही आलं तर बहुधा बिटांचा क्रम उलटा झालाय. यात सगळ्यांचा एक दिवस जातो.

सीआरसीबद्दलही एक सांगायला हवं. १६ बिटांपर्यंतचा सलग बिघाड तो हमखास पकडतो, पण मेलेली तार दर आठवा बिट बिघडवते, तो सलग बिघाड नव्हे. तिथे ही हमी लागू होत नाही, पण निसटण्याची शक्यता फार तर साधारण ६५,५३६ मध्ये एक एवढीच. पॅरिटीला मी वाईट म्हणत नाही; नववी तार पॅरिटीची असती तर बुटीबोरीचा बिघाड पहिल्याच पॅकेटला सापडला असता. दोन तारा एकदम गेल्या की मात्र तिचा भरवसा नाही. आणि चूक कळल्यावर काय करायचं हेही ठरवा. हीटर असेल तर आधी बंद.

पॅकेटची सुरुवात कोणत्या बाइटने होते ते तुम्ही लिहिलेलं नाही. ०० किंवा ०२ असेल तर आजच बदला. हेक्स ५५ आणि लगेच एए ठेवा, म्हणजे ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. प्रत्येक तार एकदा ० आणि एकदा १ होते, अडकलेली तार तिथेच उघडी पडते, आणि याला जागा जवळपास लागतच नाही. सरांना दाखवायचं असेल तर आत्ताचा एक्स-ऑरवाला बोर्ड, जुन्या सुरुवातीच्या बाइटासह, त्यांच्यापुढे ठेवा, रिसीव्हरच्या बाजूला पुल-डाउन रेझिस्टर (सुटलेली तार शून्यावर ओढणारे) लावा आणि त्यांना हवी ती तार त्यांच्याच हाताने काढू द्या.