वाचकांचे प्रश्न : हिरवी स्क्रीन ब्राउझरमध्ये नेताना

प्रश्न : अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची सीआयसीएसवरची (आयबीएम मेनफ्रेमवर व्यवहार चालवणारे सॉफ्टवेअर) कोबॉल या जुन्या भाषेतली प्रणाली आम्ही सांभाळतो. कोबॉलला हात न लावता वेब पाने हवीत, म्हणून ३२७० (मेनफ्रेमचे हिरव्या अक्षरांचे टर्मिनल) सेशन उघडून स्क्रीन वाचणारा थर, म्हणजे मधला प्रोग्राम, लिहिला. चाचणीत तो नीट चालतो. गर्दीच्या वेळी मात्र नव्या पानावर मधूनच आधीच्या दाव्याची माहिती दिसते. – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा थर बहुधा फक्त कीबोर्डचे लॉक उघडण्याची वाट पाहतो आहे. ३२७० टर्मिनल अक्षर-अक्षर पाठवत नाही. एंटर किंवा पीएफ (प्रोग्राम फंक्शन) की दाबली की बदललेली फील्ड एकदम होस्टकडे (मेनफ्रेमकडे) जातात आणि कीबोर्ड लॉक होतो. पुष्कळ प्रोग्राम एका कीला दोनदा लिहितात : आधी ‘थांबा’सारखा संदेश, मग खरी स्क्रीन. पहिल्याच लेखनात कीबोर्ड उघडला तर तुमचा थर लगेच वाचू लागतो आणि जुनाच मजकूर उचलतो. होस्टवर भार नसताना ही दोन लेखने जवळपास एकाच वेळी येतात, म्हणून चाचणीत दोष सापडत नाही. अर्धा सेकंद थांबण्याची ओळ घालून हा प्रश्न सुटणार नाही. भार वाढला की तेवढा वेळही अपुरा पडेल.

कीबोर्ड उघडा, स्क्रीनची ओळख ठरलेल्या जागी (बहुतेक मॅपचे, म्हणजे स्क्रीनच्या आराखड्याचे, किंवा व्यवहाराचे नाव वरच्या ओळीत असते) आणि कर्सर अपेक्षित फील्डमध्ये, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्यावरच वाचा. तीच स्क्रीन पुन्हा येणार असेल, तर शिवाय पान क्रमांक किंवा दाव्याचा क्रमांक पडताळा. ठरलेल्या वेळेत अटी जुळल्या नाहीत तर २४ ओळी × ८० रकान्यांचे चित्र गोपनीय फील्ड झाकून नोंदवहीत टाका आणि ते सेशन बंद करा. अनोळखी स्क्रीनवर आंधळेपणाने एंटर मारू नका, कारण तिथे एंटरचा अर्थ ‘मंजूर’ असू शकतो.

आणखी दोन जागा तपासा. टर्मिनलचे मॉडेल २ (२४ × ८० ची स्क्रीन) पक्के करा. मॉडेल ५ वर स्क्रीन २७ × १३२ होऊ शकते आणि सगळे रकाने सरकतात. फील्डमध्ये लिहिण्याआधी ‘इरेज ईओएफ’ (कर्सरपासून फील्डच्या शेवटापर्यंत पुसणारी की) द्या, नाहीतर ‘रॉबर्टसन’वर ‘रॉस’ लिहिल्यावर ‘रॉसर्टसन’ उरते.

‘हात न लावता’ ही अट मात्र सर्वाधिक वापराच्या पाच-सहा व्यवहारांसाठी शिथिल करून घ्या, असे आमचे ठाम मत आहे. स्क्रीन पाठवण्या-घेण्याचा भाग आणि हिशेबाचा भाग वेगळे करून हिशेबाचा प्रोग्राम कॉमएरियाने (प्रोग्रामांमध्ये माहिती देण्या-घेण्याची सामाईक मेमरी) बोलवा. मग झेड/ओएस कनेक्टमधून (मेनफ्रेमचे प्रोग्राम वेबला जोडणारे आयबीएमचे सॉफ्टवेअर) तो जेसन (वेबवर माहिती पाठवण्याचा मजकुरी नमुना) सेवा म्हणून देता येतो. कॉमएरियाची मर्यादा सुमारे ३२ केबी आहे. माहिती त्याहून मोठी असेल तर सीआयसीएसमधलेच चॅनेल आणि कंटेनर वापरा. स्क्रीन वाचणारा थर मॅपमधले एखादे फील्ड सरकले तरी कोसळतो. या रचनेला ती भीती नाही.

प्रश्न : नवे वेब पान देखणे आहे, पण रोज शेकडो नोंदी करणारे लोक जुन्याच एम्युलेटरकडे (संगणकावर ३२७० टर्मिनलचे काम करणारा प्रोग्राम) परततात. काय करावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यांची तक्रार रास्त आहे, ती मनावर घ्या. जुन्या स्क्रीनवर फील्ड भरले की कर्सर आपोआप पुढच्या फील्डमध्ये उडी मारतो आणि माउसला हात लागत नाही. वेब पानावरही नेमक्या लांबीच्या फील्डना ही उडी द्या आणि टॅबचा क्रम जुन्या स्क्रीनसारखाच ठेवा. एफ३ ने बाहेर, एफ७-एफ८ ने मागे-पुढे ही सवय जपा. ब्राउझरमध्ये एफ३ शोध उघडते आणि एफ५ पान ताजे करते, ते पानाच्या कोडमधून अडवता येते. कंट्रोल-डब्ल्यू मात्र साध्या टॅबमध्ये अडवता येत नाही, त्यामुळे त्यावर कोणतेही काम बांधू नका. पीएफ१३ ते पीएफ२४ साठी शिफ्टसह एफ१ ते एफ१२ द्या. ब्राउझरच्या ‘मागे’ बटणाला होस्टवर काहीच प्रतिशब्द नाही : पान मागे जाते, सेशन जागीच राहते. ते बटण पकडून त्याच्याकडून पीएफ३ पाठवा.

प्रश्न : ‘प्रोटेक्टेड’ फील्ड वापरकर्त्याला बदलता येत नाही, मग सर्व्हरवर ते पुन्हा तपासायचे कशाला? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ते बंधन टर्मिनल पाळते, होस्ट नव्हे. तुमचा थर किंवा बदललेला एम्युलेटर त्या फील्डचे नवे मूल्य पाठवू शकतो, आणि प्रोग्रामने तपासले नाही तर ते स्वीकारलेही जाते. न दिसणाऱ्या फील्डमधला मजकूरही डेटा प्रवाहात असतोच. म्हणून रक्कम, हक्क आणि खाते क्रमांक होस्टवरच्या नोंदीतून पुन्हा वाचा, आणि टीएन३२७० (नेटवर्कवरून ३२७० सेशन नेण्याची पद्धत) जोडणी टीएलएसखेरीज (सांकेतिक सुरक्षेखेरीज) उघडी ठेवू नका.