इतकं रक्त चढवलंय, मग तिचा स्वतःचा ग्रुप कसा कळणार?

प्रश्न : माझी मुलगी ७ वर्षांची आहे, थॅलेसेमिया मेजर, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. ग्रुप बी पॉझिटिव्ह हे माहितीच आहे, तरी आता डॉक्टर म्हणतात डीएनएवरून ब्लड ग्रुप करून घ्या. कशासाठी? आणि अंगात रक्त दुसऱ्यांचंच, मग त्यातून तिचं काय कळणार?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे, नेहमीची टेस्ट इथेच अडते. बी पॉझिटिव्ह म्हणजे फक्त एबीओ आणि आरएच डी एवढंच झालं, लाल पेशीवर केल, किड, डफी असे बरेच अँटिजेन, म्हणजे पेशीच्या ओळखीच्या खुणा, असतात आणि जो आपल्यात नाही तो परत परत आत गेला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी (त्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) बनवू शकतं, मग जुळणारी पिशवी मिळताना नाकी नऊ येतात. खरं तर पहिली पिशवी लावायच्या आधीच हे सगळं तपासून ठेवायला हवं, पण बहुतेक मुलांचं ते राहून जातं.

आता नेहमीच्या टेस्टसारखं, ठरावीक अँटिजेन ओळखणारं सिरम टाकून बघितलं तर काही पेशी गोळा होतात, काही सुट्ट्याच राहतात, कारण दात्याच्या पेशी तिच्या पेशींत मिसळल्यात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तुमची पुढची पिशवी तीन आठवड्यांत, म्हणजे रक्त निवळायला वेळच नाही.

पण डीएनए असतो केंद्रकात आणि लाल पेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे डीएनए काढतात पांढऱ्या पेशींतून, आणि त्या जवळजवळ सगळ्या तिच्याच असतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये थोडंसं रक्त पुरतं. किडचं उदाहरण घ्या, जेके ए आणि जेके बी या त्याच्या दोन प्रकारांत जीनमधल्या एकाच अक्षराचा फरक, एकाकडे जी तर दुसऱ्याकडे ए हे डीएनएचं अक्षर. म्हणून दोन ट्यूब लावतात, प्रत्येकीतला प्रायमर (डीएनएचा छोटा तुकडा) आपलंच अक्षर पकडतो, पीसीआर, म्हणजे डीएनएच्या त्या भागाच्या भरपूर प्रती काढणं, झालं की त्या जेलवर चालवून यूव्हीखाली बघायचं, पट्टी दिसली तर तो जीन आहे. प्रत्येक ट्यूबमध्ये एक कंट्रोलची, म्हणजे रिॲक्शन नीट चालली हे दाखवणारी, पट्टीही यायलाच हवी, तीच आली नाही तर रिझल्ट सरळ बाद करायचा, कारण रिॲक्शन फसली आणि आपण "अँटिजेन नाही" असं लिहून मोकळे झालो तर उद्या पोरीला चुकीची पिशवी लागेल.

मात्र जीन वाचला म्हणजे सगळं कळलं असंही नाही. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला बॉम्बे ग्रुप बघा, तिथे ए किंवा बीचा जीन धडधाकट असू शकतो पण ए-बी ज्याच्यावर तयार होतात तो एच नावाचा पदार्थच बनत नाही, म्हणून साध्या टेस्टमध्ये ओ दिसतो, आणि नुसता एबीओ जीन बघून ए रक्त दिलं तर जिवावर बेतेल. तेव्हा दर वेळचं क्रॉसमॅच (पिशवीतलं रक्त तिच्या रक्ताशी जुळवून बघणं) आणि अँटिबॉडी स्क्रीनिंग (अँटिबॉडी बनल्यात का हे तपासणं) चालूच ठेवा.

टेस्ट एकदाच करावी लागते, रिपोर्टची एक कॉपी ब्लड बँकेत द्या, एक फाइलला लावा. पुढे बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं तर मात्र तसं आवर्जून सांगा, कारण मग पांढऱ्या पेशीही दात्याच्याच बनतात आणि हा जुना रिपोर्ट चालत नाही.