आयबीएम आयवर रात्रीची कामं आपोआप चालवायची तर सीएल शिकू की पायथन?

तुमच्याकडे आयबीएम आय, म्हणजे आयबीएमच्या सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम, आहे (आमच्याकडे अजून सगळे जुन्या नावाने एएस/४००च म्हणतात), बॅकअप, रिपोर्ट, फाइल पाठवणं हे रोज कुणीतरी हाताने करतं आणि पायथन थोडंफार येतं, असं तुम्ही लिहिलंय. तरीही मी सांगेन, आधी सीएल, म्हणजे या मशीनची स्वतःची कमांडची भाषा, शिका.

लायब्ररी (फाइल आणि प्रोग्राम ठेवायचा कप्पा) सेव्ह करणं, जॉब सबमिट करणं ही कामं सीएलच्या कमांडच करतात. पायथनमधूनही शेवटी त्यांनाच बोलवावं लागतं. नावं बिचकवणारी वाटतात, पण ठरीव आहेत: डीएसपी म्हणजे दाखव, सीआरटी म्हणजे तयार कर, पुढे कशाचं ते. दहा-पंधरा तुकडे पाठ झाले की उरलेल्या कमांड अंदाजाने सापडतात, आणि एफ४ दाबलं की प्रॉम्प्ट समोर येतोच.

सीएलमध्ये जीव लावून शिकायची गोष्ट म्हणजे मॉनमेसेज, म्हणजे चूक पकडणं. मी एकदा हातात घेतलेल्या बॅकअपच्या प्रोग्राममध्ये डिक्लेअरच्या (व्हेरिएबल जाहीर करणाऱ्या) ओळी संपताच 'मॉनमेसेज सीपीएफ००००' अशी नुसती ओळ होती, पुढे एक्झेक (चूक आली तर काय करायचं ते) काहीच नाही. म्हणजे सीपीएफने सुरू होणारा सिस्टिमचा कुठलाही चुकीचा मेसेज आला तरी गिळा आणि पुढची कमांड चालवा. कुणीतरी रात्री सेशन उघडं ठेवून घरी जायचं, फाइल लॉक असायची, सेव्हला सीपीएफ३७७१ यायचा: इतके ऑब्जेक्ट सेव्ह झाले, इतके राहिले. जॉब मात्र रोज व्यवस्थित संपलेला दिसायचा. नेमकी ऑर्डरची फाइल कित्येक रात्री सेव्हच झाली नव्हती. मी ती ओळ काढली, सेव्हच्या खाली फक्त ३७७१ पकडला आणि ऑपरेटरला मेसेज जाईल असं केलं.

पायथन लागतं ते मशीनबाहेरच्या जगाशी बोलताना: एक्सेल बनवणं, वेब सर्व्हिसकडून दर आणणं, जेसन (वेबवर माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) वाचणं. ते पासेमध्ये (आयबीएम आयमधलं युनिक्ससारखं वातावरण) चालतं आणि यम या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने बसवता येतं. या कामांसाठी सीएलशी झुंजू नका. मधल्या कामांना क्यूसिस२ या सिस्टिमच्या लायब्ररीतल्या एसक्यूएल सर्व्हिसेस (सिस्टिमची माहिती टेबलसारखी देणाऱ्या) छान. चालू जॉबची यादी साध्या सिलेक्टने मिळते, स्पूल फाइल (छपाईसाठी साठवलेला मजकूर) चिरत बसावं लागत नाही. रेक्स ही जुनी स्क्रिप्टची भाषाही मशीनवर आयती असते, पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिच्यात वेळ घालू नये असं माझं मत.

पहिलं काम बॅकअपचंच घ्या. सीएल लिहा, जॉब शेड्यूलरला लावा आणि चाचणीच्या लायब्ररीतली एक फाइल मुद्दाम लॉक करून चालवून बघा.