लहान मुलं घेऊन केळीच्या मळ्यात जाताय? आधी विहीर कुठंय ते विचारा

ताई, प्रश्न वाचला. मिस्टरांच्या मित्राचा रावेरकडे केळीचा मळा, जानेवारीतला रविवार, सोबत सहा वर्षांची मुलगी आणि तीनचा मुलगा. सापाची भीती वाटते, मुलं कंटाळतील का, न्यायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी भुसावळचा. सावद्याजवळ दोस्ताचा मळा आहे. आमची पोरगी दोनची होती तेव्हापासून दर हिवाळ्यात एक दिवस तिथं जातोच. ती यंदा दहावीला आहे.

सापाचं एवढं मनावर घेऊ नका. पायात बूट, बांधाच्या गवतात आणि वाळल्या पानांच्या ढिगात हात घालायचा नाही, पुढं एक मोठा माणूस. बस. मला धास्ती आहे ती विहिरीची. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या विहिरींना कठडा नाही, काठावर गवत माजलेलं असतं. आमचा मुलगा चार वर्षांचा असताना मी फोटो काढायला पाठ फिरवली, तेवढ्यात हा पारव्यांमागं पळत पार काठाशी. सालदारानं शर्टाची कॉलर धरून मागं ओढला. मला तर हाकसुद्धा मारता आली नाही. तेव्हापासून गाडीतून उतरलो की पहिलं काम, विहीर आणि शेततळं कुठंय ते बघायचं आणि त्या बाजूला कोण उभं राहणार ते ठरवायचं. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कोणीच बघत नसतं.

मित्राला फोनवर आणखी तीन गोष्टी विचारा. फवारणी कधी झाली? दोन-चार दिवसांतली असेल तर तारीख बदला, आणि औषधांचे रिकामे डबे मुलांच्या हाती लागू देऊ नका. कुंपणाला रानडुकरांसाठी झटका मशीन, म्हणजे तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र, आहे का? आणि त्या आठवड्यात लाईट दिवसा आहे की रात्री? शेतीची थ्री फेज पाळीपाळीनं येते. रात्रपाळी असली तर दिवसा मोटर चालणार नाही, आणि मोटर नाही म्हणजे मुलांची निम्मी मजा गेली. बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं. नळीखाली बसलेलं पोर तासभर उठत नाही. दोन जोड कपडे जास्त घ्या. स्टार्टरच्या पेटीजवळ मात्र कोणालाही फिरकू देऊ नका.

आता गंमत. केळीच्या मळ्यात खायला केळी नसतात! माल हिरवाच कापतात, पिकतो तो पुढं. पहिल्या वर्षी आमची पोरगी हजारो केळींच्या मधोमध उभी राहून केळ्यासाठी रडली होती. म्हणून आठवडाभर आधी मित्राला सांगून ठेवा, ‘एक-दोन फण्या भुशात पिकत घाल.’ थंडीत पिकायला वेळ लागतो. मुलांनी भुशात हात घालून स्वतः शोधून काढलेलं केळ दुकानातल्या डझनाला ऐकत नाही.

मुलीला केळफूल जवळून दाखवा. मित्र खाली लोंबणारं एखादं काढून देईल. तिला एकेक जांभळट पाकळी उचलू द्या. वरच्या पाकळ्यांखाली बोटभर फुलांची ओळ दाटीनं बसलेली असते, टोकाला पिवळसर. मग वर घडाकडं बघायला सांगा. अशाच एका ओळीची एक फणी झालेली असते, हे तिचं तिलाच कळतं. आमच्या पोरीनं एकदा घडाच्या फण्या मोजल्या, मग झाड एकदाच व्यालं की कापतात हे ऐकून हिरमुसली. बुंध्याशी उगवलेली पिलं दाखवली तेव्हा कुठं समजूत पटली. चिकापासून मात्र जपा. अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा, वाळला की तपकिरी काळा, आणि कुठल्याही साबणाला दाद देत नाही. नवे कपडे घालून फोटो काढायची हौस असेल तर ती बागेबाहेर फेडा.

कंटाळ्याचं म्हणाल, तर खेळ-बिळ ठरवून नेऊ नका. एक काम द्या. आमच्याकडं ते काम म्हणजे भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली जीआय मानांकन मिळालं. ही वांगी मोठी, हिरवी, पांढरट रेघांची, बिया कमी. मुलांनी कपाशीच्या वाळलेल्या काड्या गोळा करायच्या, मोठ्यांनी जाळ करायचा. काड्या भसकन पेटतात, त्यामुळे तीनवाल्याला कोणाच्या तरी मांडीवरच ठेवा. वांग्याला आधी टोचे मारायला विसरू नका, नाहीतर फुटतं. साल निघाली की लाकडी मुसळीनं ठेचायचं. मिरच्या पडण्याआधी मुलांपुरतं भरीत बाजूला काढा. त्यांना मीठ, तेल आणि शेंगदाणे पुरतात. आपल्या वाटणीचं भरीत त्यांच्या तोंडात गेलं तर दिवसभर पाणी पाजत बसाल. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या.

एक स्पष्ट बोलतो. मित्राच्या बायकोला त्या दिवशी चुलीपुढं बसवू नका. वहिनी ‘काही नाही हो, होऊन जाईल’ म्हणतील आणि पहाटे चारला उठून दहा माणसांचं वरण-बट्टी रांधतील. आम्ही कळण्याचं पीठ घरून नेतो, भरीत पुरुषांनी करायचं, पुऱ्या आळीपाळीनं तळायच्या. पहिल्या वर्षी वहिनींना राग आला होता, आता त्याच आधी खाटेवर जाऊन बसतात.

मळ्यात संडास नसतो. मुलीला निघण्यापूर्वी गावातल्या घरी जाऊन येऊ द्या, बाकी पाण्याची बाटली आणि एक जुनी साडी आडोशाला. सकाळी दव असतं, दहाच्या आधी बागेत शिरू नका, मोजे भिजतात. आणि संध्याकाळी पाचनंतर बागेत अजिबात नको. सातपुड्याच्या पायथ्याला अधूनमधून बिबट्या दिसतो आणि दाट केळीत चार हातांपलीकडचं दिसत नाही.

निघताना मित्र डिकीत एक कच्चा घड टाकणारच. नको म्हणू नका, त्याला वाईट वाटेल. फक्त खाली गोणपाट अंथरा. चीक डिकीच्या मॅटलाही सोडत नाही.